खळ

मेडिना नदीला ओहोटी लागली
की शेडच्या मागच्या दाराशी चिखलाचा वास येतो,
पुढच्या दाराशी रेझिनचा.
मधे आम्ही सहाजण, कागदी डगल्यांत,
आणि होडीचा एक साचा,
मेण लावून सात वेळा पुसलेला,
इतका, की त्यात मला माझा चेहरा ओळखू येत होता.
बेटावर तो अजून कुणीच ओळखत नव्हतं.

हेझल ॲट्रिल पहिल्या दिवशी म्हणाली,
कापडाला उघडा हात लावायचा नाही.
मला वाटलं, काच टोचेल म्हणून.
"तुझ्या हाताची नाही गं, मला कापडाची काळजी.
धाग्यावर एक पातळ लेप असतो.
घामाचं बोट लागलं, की तिथे रेझिन धरत नाही."

ती लेप म्हणाली. मी ऐकलं, खळ.

इचलकरंजी, सायझिंगची रात्रपाळी,
स्टार्चच्या कढईवर वाफ,
आणि पहाटे घरी येणारे बाबा,
बाह्या कोपरापर्यंत वाळून कडक.
आई म्हणायची, माणूस झोपला तरी
याचा शर्ट उभा राहील.
खुंटीवर तो खरंच उभा असायचा.
सूत अधिक खळ.
मी पाहिलेलं पहिलं कंपोझिट तेच,
आणि आई ते बादलीत भिजवून मोडायची.

हेझल फळ्यावर फार लिहीत नाही.
तिने काचेची एक बट माझ्या हातात दिली: ओढ.
ओढली. तुटेना.
आता ढकल.
बट माझ्या मुठीत मुकाट गोळा झाली.
मग रेझिनची नुसती वडी, मधासारखी पिवळी,
बाकाच्या कडेवर आपटून तिने दोन केली.
"ओझं धागाच वाहतो.
हे फक्त त्याला वाकू देत नाही,
आणि एखादा तुटलाच,
तर त्याचा वाटा शेजाऱ्याला पोचवतं."
मग चहा.

गुरुवारी चाचणीचा तुकडा माझ्याकडे होता.
आठ थर. पंचेचाळीस, उणे पंचेचाळीस, शून्य, नव्वद,
आणि तिथून उलट पावली परत.
हार्डनर घातला की वीस मिनिटं.
सतराव्या मिनिटाला कप हातात तापू लागला,
बाहेर फेरीचा भोंगा वाजला,
रोलर, ब्रश, बुडबुडे, पिशवी, पंप,
कडेला कान लावून शोधलेली बारीकशी शीळ,
आणि ती दाबून बंद केल्यावरची माझी ऐट.

शुक्रवारी भट्टीतून निघाला तो
उन्हात वाळलेला पापड.
एक कोपरा दाबला की समोरचा उठायचा.
धागे सगळे शाबूत, रेझिन नीट मुरलेलं,
नाण्याने टकटक केली तर कुठेही पोकळ नाही.
हेझलने डोळ्याशी धरून पाहिला.
"कुठला?"
"सातवा," मी म्हटलं. "कापड पालथं पडलं."

तिने त्यावर तारीख घातली, माझं नाव घातलं,
ज्योत्स्नाचं स्पेलिंग मला विचारून,
आणि भिंतीवर टांगला.
तिथे आधीच नऊ होते.
सगळ्यांत जुन्यावर एकोणीसशे सत्त्याऐंशी,
अक्षर तिचंच.
त्याला इतका पीळ, की तिच्या मापाच्या पट्ट्या
ती त्यालाच अडकवते.

रात्री बाबांना फोन केला.
कापडाची होडी? ते दोनदा म्हणाले.
मग पाणी आत येत नाही का, थंडी किती, जेवलीस का,
आणि बराच वेळ काहीच नाही.
"धाग्याला खळ कसली घालतात गं तिकडे?"
म्हटलं, माहीत नाही बाबा,
कंपनी कुणाला सांगत नाही.

हसले. खोकला येईपर्यंत हसले.
"आमचा शेठही सांगायचा नाही,
पण आम्ही चाटून बघायचो."